चौथं पान

आमच्या रुग्णालयात जर्नल क्लब सुरू झाला तो कुणाला ज्ञानाची तहान लागली म्हणून नव्हे. तपासणी पथक येणार होतं आणि त्यांच्या यादीत एक रकाना होता : 'सर्व विभाग एकत्र बसून नव्या संशोधनावर चर्चा करतात का?' तो रकाना भरायचा होता. मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्याकडे खोली आहे, लांब टेबल आहे, जर्नलं आहेत. तुम्हीच चालवा."

मी ग्रंथपाल. एकवीस वर्षं त्या खोलीत काढली. कोण वाचतं हे मला पाठ होतं, कारण ती यादी फारच छोटी होती. आमचं रुग्णालय पक्षाघाताच्या रुग्णांचं, खाटा चाळीस. दर महिन्याला जर्नलांचे अंक येत, मी त्यांवर शिक्का मारून ते मांडणीत लावत असे, आणि वर्ष संपलं की तितकेच करकरीत ते बांधणीला जात. काहींचं प्लास्टिकचं वेष्टणही मलाच फाडावं लागे. आणि या मंडळींनी आता दर मंगळवारी दुपारी एक वाजता एकत्र बसून संशोधनावर चर्चा करायची होती.

पहिल्या बैठकीला चौदा जण आले. चहा होता, बिस्किटं होती. मोठे डॉक्टर टेबलाच्या टोकाला बसले. ते मेंदूविकारांचे तज्ज्ञ. आणि शोधनिबंधाच्या, म्हणजे आमच्या भाषेत पेपरच्या, सुरुवातीला जो दहा ओळींचा सारांश असतो, त्याचेही तज्ज्ञ. त्यापुढे त्यांची मजल कधी गेली नाही. दहा ओळी वाचून ते चाळीस मिनिटं बोलू शकत. मी मनातल्या मनात त्यांचं नाव सारांशसाहेब ठेवलं. त्यांच्या उजव्या हाताला फिजिओथेरपिस्ट. त्याला सगळे पहिलवान म्हणत आणि त्यालाही ते आवडे. साहेबांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणं हा त्याचा मानेचा व्यायाम होता. समोर वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर, ज्यांना डोळे उघडे ठेवून झोपायची कला साधली होती. आणि पार कोपऱ्यात आहारतज्ज्ञ बाई. त्या कधी तोंड उघडत नसत. बोलत नाहीत म्हणजे डोक्यात काही नसणार, असं मी धरून चालले होते.

पद्धत अशी होती. शुक्रवारी मी पेपरच्या चौदा प्रती काढायच्या, टाचून ज्याच्या त्याच्या खणात ठेवायच्या. मंगळवारी आल्याबरोबर प्रत्येकाने एका कागदावर सही करायची. कागदावर वर छापलेलं असे : 'मी हा पेपर पूर्ण वाचला आहे.' तपासणी पथकाला सह्या दिसायला हव्या होत्या. सह्या मात्र सगळे झोकात करत.

तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडून चूक झाली. मंगळवारी साडेबाराला टेबल आवरताना पाहते तो काय, सहाव्या पानाच्या चौदाच्या चौदा प्रती माझ्याच टेबलावर! टाचायच्या राहून गेल्या होत्या. पाचवं पान 'या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण' इथे संपत होतं आणि सातवं 'आणि जेवणातलं मीठ कमी करावं' असं सुरू होत होतं. आता सगळे मला धारेवर धरणार, म्हणून मी ती पानं हातात घेऊनच उभी राहिले.

कुणी विचारलं नाही. चौदा सह्या झाल्या. सारांशसाहेब म्हणाले, "पेपर अतिशय सुसूत्र आहे." पहिलवान म्हणाला, "एकदम सुसूत्र." बिस्किटं संपली आणि सगळे गेले.

त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो कबूल करायला आता लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती. पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम दोन पानं काढली. त्याच्या पुढच्या आठवड्यात एकच पान दोनदा लावलं. एकदा तर दुसऱ्याच जर्नलमधलं गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचं पान मधोमध घातलं. मेंदूच्या पेपरमध्ये गुडघा! कुणाच्या कपाळावर आठीसुद्धा उमटली नाही. काढलेलं प्रत्येक पान मी तारीख घालून ड्रॉवरमध्ये ठेवत असे. एकवीस वर्षं ज्यांनी माझ्या खोलीकडे ढुंकून पाहिलं नाही, त्यांची अब्रू त्या ड्रॉवरमध्ये साठत होती आणि किल्ली माझ्याकडे होती.

घरी जेवताना मी हे रंगवून सांगत असे. आमचे हे पोट धरून हसत. माझी थोरली नणंद मात्र हसत नसे. वन्सं तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होत्या, निवृत्त झाल्यापासून आमच्याकडेच राहत. त्यांच्या शिस्तीचा मला मनापासून कंटाळा. चमचे धुऊन ठेवले तरी मोजायच्या.

सातव्या आठवड्याचा पेपर सारांशसाहेबांनी स्वतः निवडला. विषय होता, पक्षाघाताच्या रुग्णाला पहिल्या चोवीस तासांतच उठवून उभं करावं का. सारांश म्हणत होता, करावं. असे रुग्ण लवकर घरी जातात. लवकर घरी जातात म्हणजे खाट लवकर रिकामी होते, तेव्हा साहेबांना तो पेपर का आवडला, हे वेगळं सांगायला नको.

मी तो शुक्रवारी वाचला. चौथ्या पानावर दोन परिच्छेद होते. पहिल्यात म्हटलं होतं की उठून बसवल्यावर ज्यांचं बीपी पडतं, त्यांना या अभ्यासातून वगळलं आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्या, मोठा झटका आलेल्या रुग्णांनाही वगळलं आहे. दुसऱ्यात त्याचं कारण होतं : सुरुवातीला अशा अकरा जणांना उभं करून पाहिलं, त्यातल्या पाच जणांची तब्येत आणखी ढासळली. अख्ख्या पेपरमधलं सगळ्यात महत्त्वाचं पान तेच होतं. म्हणूनच मी ते काढलं. फालतू पान काढण्यात काय गंमत?

मंगळवारी सह्या झाल्या. साहेब रंगात आले होते. "आपण रुग्णांना झोपवून झोपवून अधू करतो," ते म्हणाले. "या पेपरने डोळे उघडले. सरसकट सगळ्यांना चोवीस तासांच्या आत उभं करायचं."

"सर, मी तक्ताच करतो," पहिलवान म्हणाला. "सोमवारपासून सुरू."

"सगळ्यांना?" सिस्टरांनी विचारलं. त्या जाग्या होत्या हे पाहून मला नवल वाटलं.

"पेपर काय म्हणतो? सगळ्यांना."

मी चहाचे कप गोळा करत होते. त्या क्षणी बोलायला हवं होतं, हे मला आज कळतं असं नाही. तेव्हाही कळलं होतं. पण मला वाटलं, क्लबात ठरलेली एक तरी गोष्ट आजवर अमलात आली आहे का? मागे मीठ कमी करायचं ठरलं होतं, स्वयंपाकघरापर्यंत बातमीसुद्धा पोचली नव्हती. ज्यांना वाचायचा आळस, ते करणार काय! मी कप विसळले आणि घरी गेले.

जेवणाची वाट न पाहता संध्याकाळीच, पालेभाजी निवडताना मी वन्संना ही नवी गंमत सांगितली. त्यांचा हात थांबला.

"आणि ते पान कुठंय?"

"ड्रॉवरमध्ये."

"उद्या सकाळी नेऊन दे."

"देईन हो."

"देईन हो नाही. अगं, तुमची तिथं मजा चाललीय, पण वरच्या मजल्यावर माणसं झोपलेली आहेत."

"वन्सं, तो क्लब आहे. तिथं ठरलेलं काही होत नसतं."

त्यांनी उरलेली जुडी पुढ्यात ओढली. पान मी दुसऱ्या दिवशी दिलं नाही. द्यायचं तर कसं गेलं ते सांगावं लागलं असतं, आणि मग माझा मंगळवार संपला असता.

पुढच्या बुधवारी एक जुनं पुस्तक परत मागायला मी वॉर्डात गेले. भिंतीवर तक्ता होता. खाट क्रमांक, दाखल झाल्याची वेळ, उभं केल्याची वेळ, पुढे बरोबरची खूण. पहिलवानाचं अक्षर मोठं गोमटं. मी तक्त्यासमोर उभी राहिले, आठ-नऊ खुणा मोजल्या आणि स्वतःला सांगितलं, तपासणीसाठी लावला असेल. पुस्तक घेऊन खाली आले.

गुरुवारी सकाळी दहा वाजता एक बाई पडल्या.

वय अठ्ठ्याहत्तर. निवृत्त पोस्टमास्तर, चाळीस वर्षं टपाल कचेरीत काढलेली. आदल्या संध्याकाळी दाखल झाल्या होत्या, डावी बाजू पूर्ण गेलेली, जीभ थोडी जड, डोकं मात्र लख्ख. सोळाव्या तासाला पहिलवानाने त्यांना उभं केलं. बीपी पडलं, डोळे पांढरे झाले, आणि त्याने धरूनसुद्धा त्यांचा उजवा हात खाटेच्या कठड्यावर आपटला. मनगट मोडलं. भुवईवर चार टाके पडले. डावा हात झटक्याने नेलेला, उजवा आता प्लास्टरमध्ये. नाकावर माशी बसली तरी हाकलायला हात उरला नाही.

मुलीने लेखी तक्रार दिली. शनिवारी अकरा वाजता अधीक्षकांच्या खोलीत चौकशी ठेवली. सह्यांचे कागद घेऊन मलाही बोलावलं होतं. मी कागद घेतले आणि ड्रॉवरमधलं पानही पर्समध्ये टाकलं. द्यायचंच असं ठरवून नव्हे. कशासाठी घेतलं, मलाच ठाऊक नव्हतं.

अधीक्षक डॉक्टर नव्हते. ते प्रशासनाचे, प्रश्न सरळ विचारत. "या पेपरमध्ये कुणाला उभं करू नये, असं काही म्हटलं होतं का?"

"नाही," सारांशसाहेब म्हणाले. "मी शब्द न् शब्द वाचलाय. सरसकट सगळ्यांना."

"तुम्ही?"

"नाही सर," पहिलवान म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "असं काहीच नव्हतं. मी दोनदा वाचला."

"सिस्टर?"

"नसावं," सिस्टर म्हणाल्या. "असतं तर लक्षात राहिलं असतं."

आहारतज्ज्ञ बाईही होत्या, कारण त्यांचीही सही होती. त्यांनी मान वर केली नाही.

मी चौघांकडे पाहिलं. असा हातात आलेला क्षण! याचसाठी तर मी पाच आठवडे पानं गोळा करत होते. पण गंमत वाटेना.

"होतं," मी म्हणाले. "चौथ्या पानावर. तुमच्यापैकी कुणाच्याही प्रतीत चौथं पान नव्हतं. मी काढून घेतलं होतं." आणि ते पान टेबलावर ठेवलं.

अधीक्षकांनी ते वाचलं. मग सारांशसाहेबांच्या पुढ्यातली प्रत ओढून पानं उलटली. तीन, पाच.

"इथे वाक्यच अर्धवट तुटलंय," ते म्हणाले.

"ही फसवणूक आहे!" साहेब कडाडले. "या बाईंनी आमची फसवणूक केली!"

"केली," मी म्हणाले. "पण तुम्ही शब्द न् शब्द वाचला होतात."

पहिलवान त्याच्या प्रतीतल्या पानांचे आकडे पुन्हा पुन्हा बोटाने मोजत होता, जणू चौथं पान मधूनच कुठूनतरी निघेल. त्या माणसाची मला आयुष्यात पहिल्यांदा कीव आली. त्याने निदान बाईंना धरलं तरी होतं.

मला वाटलं होतं, आता माझी नोकरी जाणार. तसं काही झालं नाही. मला काढायचं तर कारण लिहावं लागलं असतं. कारण लिहिलं की चौदा खोट्या सह्या उघड्या पडल्या असत्या. आणि तपासणी पथक पंधरा दिवसांवर आलं होतं. अधीक्षकांनी अर्धा तास दार लावून विचार केला आणि अहवाल तयार झाला : 'प्रती काढताना यंत्रातील दोषामुळे एक पान सुटले.' खाली सगळ्यांनी सही करायची होती. साहेबांनी केली, पहिलवानाने केली, सिस्टरांनी केली. मीही केली. इतरांवर इतकं तोंडसुख घेतलं आहे, तर हेही सांगितलं पाहिजे.

जिन्यात आहारतज्ज्ञ बाईंनी मला गाठलं.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून. सहावं पान, मग ती दोन पानं, मग तो गुडघा."

मी जिन्यातच थांबले. "आणि चौथं?"

"ते मी घरी शोधून वाचलं होतं. सोमवारच्या आधीच."

"मग बोलला का नाहीत?"

"पूर्वी एकदा बोलले होते. तेव्हा साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, आहारवाल्यांनी मीठ-साखरेचं बघावं. त्यानंतर ठरवलं, यांना खड्ड्यात जायचं तर जाऊ देत." मग म्हणाल्या, "तुम्ही मुद्दाम करताय हे कळत होतं. मलाही बघायला आवडत होतं."

मला त्यांचा असा संताप आला की हात उचलावासा वाटला. वाचून गप्प बसली ही बाई! आणि मग दोन पायऱ्या उतरेपर्यंत लक्षात आलं, की मी जे म्हणतेय ते कुणाबद्दल म्हणतेय.

घरी वन्संना सगळं सांगितलं. त्या "मी म्हटलं नव्हतं का" असं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "त्या बाईंना कुणी सांगितलंय का?"

सोमवारी मी आणि आहारतज्ज्ञ बाई, आम्ही दोघी वॉर्डात गेलो. पोस्टमास्तर बाई उशांना टेकून बसल्या होत्या. मदतनीस त्यांना चमच्याने पेज भरवत होती. आम्ही तिला बाहेर पाठवलं आणि उभ्यानेच सांगितलं, काही न गाळता. बोलताना माझी वाक्यं आपोआप वाकडी होत होती, 'पान सुटलं' वगैरे. आहारतज्ज्ञ बाई दर वेळी दुरुस्त करत होत्या : "सुटलं नाही. काढलं."

पोस्टमास्तर बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांची जीभ जड होती, पण शब्द स्पष्ट होते.

"म्हणजे त्या सगळ्यांत वाचणाऱ्या तुम्ही दोघीच."

"हो."

"आणि गप्पही दोघीच. बाकीचे गप्प नव्हते, त्यांना ठाऊकच नव्हतं."

मी पेजेची वाटी झाकून ठेवली.

"चाळीस वर्षं मी टपाल पोचवलं," त्या म्हणाल्या. "पाकीट घेणारा ते फोडेल की चुलीत घालेल, हे बघणं आमचं काम नव्हतं. आमच्याकडे एक जण होता. लोकांची पत्रं खणात ठेवून द्यायचा, म्हणायचा, नाहीतरी या अडाण्यांना काय कळतंय. त्याला मी स्वतः घरी पाठवला." मग प्लास्टरमधला हात जरा हलवून म्हणाल्या, "तोंड पुसा माझं. पेज लागलीय."

मी पुसलं.

"मुलीला लिहून द्या. सहीनिशी."

आम्ही दोघींनी लिहून दिलं, चौदा सह्यांच्या कागदासकट. मुलगी ते घेऊन वरपर्यंत गेली. दरम्यान तपासणी पथक येऊन गेलं. जर्नल क्लबला पैकीच्या पैकी गुण मिळाले आणि सारांशसाहेबांचा फोटो रुग्णालयाच्या वार्षिकात छापून आला, हातात पेपर धरलेला. पेपर उघडलेला होता, तेवढी प्रगती म्हणायची. वरून पत्र यायला पाच महिने लागले. माझी बदली तळघरातल्या रेकॉर्ड विभागात झाली. आहारतज्ज्ञ बाईंना ताकीद मिळाली. साहेबांना 'यापुढे काळजी घ्यावी' असं कळवण्यात आलं. वॉर्डातला तक्ता पहिलवानाने मात्र चौकशीच्या दुपारीच स्वतः उतरवला होता, कुणी सांगायच्या आधी. आता तो कुणाला उभं करण्याआधी बीपी तीनदा मोजतो, असं ऐकते.

क्लब अजून चालू आहे. आहारतज्ज्ञ बाई आता पुढच्या खुर्चीत बसतात आणि दर मंगळवारी निदान एक तरी प्रश्न विचारतात. साहेब चिडतात. इतर घड्याळाकडे बघतात. एकदा बाईंनी सिस्टरांना विचारलं, हे तुम्ही वाचलंत का, तर सिस्टर म्हणाल्या, "नाही, वेळ नाही मिळाला," आणि सही न करता बसून राहिल्या. मला ते ऐकून फार बरं वाटलं. वर्षभरात त्या टेबलावर बोललेलं ते पहिलं खरं वाक्य असेल.

पोस्टमास्तर बाईंच्या घरी मी दोनदा गेले. पहिल्यांदा मुलीने दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा दार त्यांनी स्वतः उघडलं, काठी टेकत. मनगट थोडं वाकडं बसलं होतं. त्या मला आत या म्हणाल्या नाहीत. दारातच उभं राहून त्यांनी त्यांच्या व्यायामाचं सांगितलं, जावयाच्या स्वयंपाकाला नावं ठेवली, आणि मग, "दमले मी," म्हणून दार लावून घेतलं.